दाव्याचं समन्स आलं: ३० दिवस कुठून मोजायचे?

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव इथल्या कोर्टांत वाटणीच्या दाव्याचं समन्स आलं की घरात सगळे आधी त्यावरची तारीख बघतात. ती दोन महिन्यांनी असली की कागद कपाटात जातो. घात होतो तो इथंच. ती तारीख हजर राहण्याची असते. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची मुदत समन्स बजावल्या दिवसापासून ३० दिवसांची. कारण पटलं तर कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत वाढवतं. त्यापुढे साध्या दिवाणी दाव्यात क्वचितच सवलत मिळते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. ही मुदत लोकांना वाचता येईल अशा भाषेत, ठळक अक्षरांत छापायला काय अडचण आहे, कळत नाही.

समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ दारात आला की काही वडीलधारी मंडळी ‘आम्हाला कन्नड येत नाही’ म्हणून सही नाकारतात. कृपा करून असं करू नका. नकार दिला तर तो प्रत दाराला चिकटवून तसा अहवाल देतो आणि समन्स बजावलं असंच कोर्ट धरू शकतं. मुलगा पुण्याला कामाला आणि समन्स घरी आईनं घेतलं, तरी ते बजावलं असं धरलं जाऊ शकतं. घेतलेली तारीख त्यावरच लिहून ठेवा.

समन्ससोबत दाव्याची प्रत हवीच. ती बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. वकिलाकडून परिच्छेदवार समजून घ्या. ‘सगळं खोटं आहे’ एवढ्यानं भागत नाही. जो मुद्दा स्पष्टपणे नाकारला नाही, तो कबूल धरला जातो.

खरी अडचण कागदांची. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि फेरफार नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) किंवा तहसीलदार कार्यालयात मिळतात. पण १९५६ पूर्वीची, मुंबई राज्याच्या काळातली खरेदीखतं आणि वाटणीपत्रं अनेक घरांत मराठीत, काही तर मोडीत आहेत. त्यांचं भाषांतर लागतं, आणि मोडी वाचणारा माणूस चार दिवसांत सापडत नाही. कागद कैफियतीसोबतच द्यायचे असतात, म्हणून शोध समन्स आल्या आठवड्यातच सुरू करा. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र वकील करतात.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. विधवा वहिनी, लग्न झालेल्या बहिणी यांना हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच निकाल, झालाच असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तो कधी आणि कसा कळला, हे प्रतिज्ञापत्रात तारखेसह लिहा.