पेंढ्याच्या गाठीत पाणी किती?

भातकापणी उरकली की कोकणात पेंढ्याची खरेदी-विक्री सुरू होते. घरच्या भाताचा पेंढा घरच्याच उडवीत (पेंढ्याच्या गंजीत) रचून गुरांना पुरत असे, तेव्हा हा बाजार फारसा दिसायचा नाही. आता मळे पडीक पडत चाललेत आणि दोन-चार म्हशी बाळगणाऱ्यालाही पेंढा विकत घ्यावा लागतो. बेलर यंत्राने बांधलेल्या गाठी टेम्पो भरभरून घाटावरून उतरतात आणि सौदा नगावर होतो. "दादा, शंभरला एक. पन्नास घेतल्यात तर पंच्याण्णवला लावतो." या शंभर रुपयांत गुरांच्या पोटात नक्की काय जातं, हा साधा प्रश्न मात्र सौद्यात कुणी विचारत नाही.

आधी आकार. दोन गोल गाठी शेजारी ठेवा. लांबी दोन्हींची ३ फूट, एकीचा व्यास २ फूट, दुसरीचा सव्वादोन. डोळ्यांना फरक जेमतेम ३ इंचांचा वाटतो, पण घनफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे दुसरी गाठ सुमारे २७ टक्क्यांनी मोठी भरते. म्हणजे तिच्यात २७ टक्के जास्त पेंढा असेलच असंही नाही. यंत्राने दाब किती दिला, सुतळी किती ताणली, यावर सगळं अवलंबून. दिसायला सारखीच गाठ एका ठिकाणी १२ किलो भरते, दुसऱ्या ठिकाणी १६. ढिल्या गाठींनी टेम्पो वजनाने भरण्याआधी जागेनेच भरतो आणि घाटाचं भाडं किलोमागे वाढतं. म्हणून ताणकाटा हवाच. ढिगातल्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या मिळून ५ गाठी टांगून बघा आणि सरासरी काढा. विकणाऱ्याने पुढे केलेली एकच गाठ तोलू नका.

वजन कळलं तरी हिशेब अर्धाच होतो, कारण काटा पेंढा आणि पाणी एकत्रच तोलतो. जनावराचं पोषण होतं ते कोरड्या भागातून, म्हणजे शुष्क पदार्थातून. एक उदाहरण घेऊ. पहिली गाठ १२ किलोची, १०० रुपयांना, ओलावा १२ टक्के. दुसरी १६ किलोची, १२० रुपयांना, ओलावा २५ टक्के. नगावर पहिली स्वस्त. किलोवर पाहिलं तर पहिली ८ रुपये ३३ पैसे आणि दुसरी साडेसात, म्हणजे दुसरी स्वस्त. आता पाणी वजा करा. पहिलीत कोरडा पेंढा १०.५६ किलो उरतो आणि किलोला सुमारे साडेनऊ रुपये पडतात. दुसरीत १२ किलो उरतो आणि १० रुपये पडतात. तिच्यातल्या ४ किलो पाण्याचे पैसे आपण देतो, आणि तेच पाणी पुढे गाठ कुजवतं. सकाळचं दव सुकायच्या आत बांधलेल्या गाठी अशा निघतात. वरून त्या कोरड्या लागतात, म्हणून हात मध्यभागी घालून बघायचा.

ओलावा पाहायला मीठ कामी येतं. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतली वाफ ओढून विरघळू लागतं. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याच्याही आधी पाझरतं, म्हणून इथे पुडीतलं बारीक मीठ घ्यायचं. गाठीच्या मध्यातला मूठभर पेंढा बारीक कापून कोरड्या काचेच्या बरणीत टाका, तव्यावर गरम करून निववलेलं चमचाभर मीठ घाला, झाकण घट्ट लावून हलवा आणि पाव तास थांबा. मीठ मोकळं राहिलं तर पेंढा कोरडा. काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर बरणीतली हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे पेंढ्यातला ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या पुढे आहे. ही सीमा फार मोलाची, कारण बुरशीलाही वाढायला हवेत जवळपास तेवढीच आर्द्रता लागते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवाच आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे उत्तम वाळलेला पेंढाही उघड्यावर, पावसाचा थेंब न लागता, ही सीमा ओलांडतो. गाठी जमिनीवर न ठेवता फळ्यांच्या माचावर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचायच्या.

ओल्या ढिगात जिवाणू आणि बुरशी श्वसन करतात, उष्णता बाहेर पडते आणि पेंढा ती आत कोंडून ठेवतो. मध्यात पहार खुपसून पाव तासाने काढा. धरवेना इतकी तापली असेल तर ढीग लगेच मोकळा करा. ६५-७० अंशांपुढे रासायनिक ऑक्सिडेशन सुरू होतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. त्याआधीच्या टप्प्यावर पेंढा तपकिरी होतो आणि त्याला गोडसर, तंबाखूसारखा वास येतो. गुरं तो आवडीने खातात, पण त्यातली प्रथिनं साखरेशी बांधली गेल्याने पचत नाहीत. बुरशीची गाठ झटकताना माणसानेही नाकाला फडकं बांधावं. त्या धुळीने फुप्फुसांना सूज येते.

माल कोणता, तेही पाहायला हवं. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं ३-४ टक्केच, शिवाय सिलिका भरपूर, म्हणून तो पचायला जड. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात प्रथिनं याच्या जवळपास दुप्पट असतात, पण कोकणात तेव्हा पाऊस चालू असतो आणि गवत वाळवायला ऊनच नसतं. सड्यावरचं (जांभ्या कातळाच्या माळावरचं) गवत कापलं जातं ते बी पडून गेल्यावर. मग त्याचा दर्जा पेंढ्याइतकाच राहतो आणि त्याला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ज्वारीचा कडबा पेंढ्याहून बरा पचतो, पण तो शेकड्यावर विकतात आणि पेंढी-पेंढीचं वजन वेगळं, तेव्हा काटा तिथेही लावायचा. आणखी एक गिऱ्हाईक विसरू नका: मार्चपासून हापूसच्या आढीला आणि पेट्यांना पेंढा लागतो. गुरांसाठीची खरेदी त्याआधी उरकलेली बरी.

४०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण १० किलो शुष्क पदार्थ लागतो. त्यातला निम्मा पेंढ्यातून द्यायचा तर जानेवारी ते मे या ५ महिन्यांत ७५० किलो झाला. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या प्रकारच्या ७१ गाठी ७,१०० रुपयांना पडतात, दुसऱ्या प्रकारच्या ६३ गाठी ७,५६० रुपयांना, आणि त्यातल्या बुरशीने किती फेकाव्या लागतील ते वेगळंच. कोकण कपिला ही इथली गावठी गाय लहान चणीची, तिला वजनाच्या प्रमाणात कमी धरा.