‘पडले’ म्हणणाऱ्या बाईला पुढचा प्रश्न

रात्री कॅज्युअल्टीत बाई येते. ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं, सोबत नवरा नाहीतर सासू. काय झालं? ‘मोरीत पाय घसरला.’ नोंदवहीत ‘घरी पडून जखम’ एवढंच उतरतं, टाके पडतात आणि बाई त्याच घरी परत जाते. विष घेतलेल्या बाईची नोंद ‘चुकून औषध प्यायली’ अशी व्हायची. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. खरं लिहिलं तर तिच्याच मागे पोलीस लागणार, म्हणून घरचे आणि डॉक्टर दोघंही ‘चुकून’ या शब्दावर थांबत. नवऱ्याची मारहाण ओळखायला डॉक्टर-परिचारिकांना शिकवावं लागतं, हे महाराष्ट्रात कसं उमगत गेलं त्याची सुरुवात अशा नोंदींत आहे.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष पोलिसांकडे होतं, आणि ते साहजिकच होतं. १९८३ मध्ये नवरा आणि सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारं कलम ४९८-अ आलं. पण तक्रार घ्यायला बसलेला हवालदार ‘घरचं भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणाला की कायदा तिथेच संपायचा. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बाई जिथे येते तिथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली असावी, ही त्यामागची साधी कल्पना. पुढे हे कक्ष राज्यभर पसरले.

पण पोलीस ठाण्याची पायरी किती जणी चढतात? दवाखान्यात मात्र बाई येतेच. जखम घेऊन, गर्भपात होऊन, नाहीतर वर्षानुवर्षांची डोकेदुखी घेऊन. २०००-०१ मध्ये मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. केंद्र रुग्णालयाचाच एक विभाग होतं. त्यामुळे बाईला कुणाला काही सांगावं न लागता, केसपेपर हातात घेऊन तिथे जाता येई.

खरी मेहनत प्रशिक्षणाची होती. बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा, एक भाषण, एक चहा, हजेरीपटावर सह्या, अशाने वॉर्डात काही बदलत नाही. म्हणून महापालिकेच्या रुग्णालयांतले डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी निवडून त्यांनाच प्रशिक्षक केलं गेलं. सिस्टरला सिस्टरने सांगितलेलं पटतं. तिला रात्रपाळीची गर्दी ठाऊक असते, नवऱ्याला बाहेर थांबवायचं कसं हेही ठाऊक असतं. आणि शिकणारेही याच समाजातले. ‘हिनेच काहीतरी केलं असेल’ हे मत घेऊन आलेले, काही तर घरी स्वतः सोसून आलेले. त्यामुळे जखमेचा आकार आणि सांगितलेलं कारण जुळतं का हे पाहण्याच्या आधी स्वतःच्या मनातलं हे ओझं बाजूला ठेवायला शिकावं लागे.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ मध्ये पोलीस आणि न्यायिक अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी ठरली. डॉक्टरांचा तिथे स्वतंत्र उल्लेख नाही, ही उणीव मला आजही खटकते. कारण त्याच कायद्याच्या नियमांनी रुग्णालयावर काम मात्र टाकलं आहे. हिंसेच्या घटनेचा ठरावीक नमुन्यातला अहवाल आधी झालेला नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत. उलट रुग्णालयानेच तो भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा, असं त्यात सांगितलेलं नाही. लक्षणं संशय यावा अशी असतील तेव्हा विचारा, तेही ती एकटी असताना. नीट ऐका, तिची गरज विचारा, तिच्यावर विश्वास आहे हे तिला कळू द्या, तिच्या सुरक्षिततेचा विचार करा आणि पुढच्या मदतीशी तिला जोडून द्या. नवऱ्याला सोडायचं की नाही, हे ठरवणं डॉक्टरचं काम नाही. भाभा रुग्णालयातला अनुभवही हेच सांगत होता.

नंतर राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून मुंबईच्या आणखी रुग्णालयांत ‘दिलासा’ पोहोचलं. केरळात ‘भूमिका’ आणि हरियाणात ‘सुकून’ ही रुग्णालयातली केंद्रं उभी राहिली. राज्यात औरंगाबाद आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जागतिक सूचनांवर बेतलेलं प्रशिक्षण झालं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आणि ‘चुकून’ लिहिण्याचं एक जुनं कारण सैल झालं.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसतं. मागणाऱ्यांतही बहुतेकींनी आधी माहेर गाठलं. डॉक्टरकडे बोललेल्या अगदी थोड्या. आणि कॅज्युअल्टीतले इंटर्न तर सारखे बदलत असतात; नव्या तुकडीला पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर बसवून, हलक्या आवाजात तो पुढचा प्रश्न विचारायला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.