पेटके, सायकलस्वारांच्या पायांतील

जोराने व दीर्घकाळ सायकल चालवताना, किंवा ती थांबवल्यावर थोड्याच वेळात, पायाच्या एखाद्या स्नायूचे आपोआप होणारे, वेदनादायक व इच्छेने न सुटणारे आकुंचन म्हणजे पेटका होय. मराठवाड्यात यासच ‘गोळा आला’, ‘वांब आला’ किंवा ‘शिरेवर शीर चढली’ असे म्हणतात. यांपैकी शेवटचा शब्दप्रयोग वेदनेचे वर्णन म्हणून चपखल असला, तरी पेटक्यात रक्तवाहिनी किंवा चेता (मज्जातंतू) जागची हलत नाही, बिघाड स्नायूला मिळणाऱ्या चेतासंदेशात असतो. सायकलस्वारांत पोटरी, मांडीचा मागचा भाग व मांडीचा पुढचा भाग येथे पेटका प्रामुख्याने येतो. हे बहुतेक स्नायू दोन सांध्यांवरून जाणारे असून पेडल मारताना ते पुष्कळदा आखूड अवस्थेतच काम करतात, ही बाब पुढील कारणमीमांसेत महत्त्वाची ठरते.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद व खुलताबाद मार्गे म्हैसमाळला चढणाऱ्या स्वारांत हा क्रम स्पष्ट पाहता येतो. दौलताबादचा घाट पाय ताजे असताना निघून जातो. पेटका येतो तो बहुधा म्हैसमाळच्या अखेरच्या चढावर. त्याआधी काही मिनिटे पोटरीच्या कातडीखाली बारीक वळवळ दिसू लागते. मग एका फेऱ्यात पोटरी लिंबाएवढ्या गाठीसारखी टणक होते, टाच वर खेचली जाते आणि चवडा खाली वळतो. ज्यांचे बूट पेडलला अडकवलेले असतात त्यांना या क्षणी पाय सोडवता येत नाही व ते उभ्या सायकलसह आडवे पडतात. पेटक्यापेक्षा या पडण्याचीच इजा अधिक होण्याचा संभव असतो.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात 80 वातविकारांची जी गणना आहे, तीत ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हणजे पोटरी पिळवटणे हा विकार येतो. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, पाय, पोटऱ्या, मांड्या व मनगट यांना पिळवटणारी ‘खल्ली’ सांगितली आहे. चरकसंहितेचा काळ निश्चित नाही. तिचा आजचा पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आकारास आला असावा, असे सामान्यतः मानतात. चिकित्सास्थानाचा बराचसा उत्तरार्ध दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पूर्ण केला असल्यामुळे खल्लीची व्याख्या सूत्रस्थानातील यादीहून नंतरची असण्याची शक्यता आहे. हे दोन्ही शब्द एकाच विकाराचे मानण्याकडे कल दिसतो. परंतु उत्तरकालीन चिकित्साग्रंथांत खल्लीवरील मर्दन विसूचिकेच्या, म्हणजे पटकीसारख्या जुलाब-वांत्यांच्या आजाराच्या, प्रकरणात सांगितलेले आढळते. हे ध्यानात घेता खल्ली हा शरीरातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात गेल्यावर अनेक अवयवांत एकदम येणारा पेटका असावा आणि श्रमाने एकाच पोटरीत येणाऱ्या गोळ्यास पिंडिकोद्वेष्टन ही संज्ञा अधिक जवळची असावी, असे मानणे सयुक्तिक वाटते. हाच भेद आधुनिक वादातही निराळ्या रूपात पुन्हा उभा राहिला आहे.

कारणमीमांसा : स्नायूत लॅक्टिक आम्ल साचल्याने पेटका येतो, ही समजूत अजून प्रचलित आहे, तिला आधार नाही. गंभीरपणे विचारात घेण्याजोगी मते दोन आहेत.

पहिले मत क्षारनाशाचे. अमेरिकेत डेव्हिड एडसॉल यांनी 1908 मध्ये उष्णतेत श्रम करणाऱ्यांच्या तीव्र पेटक्यांचे वर्णन केले. इंग्लंडमधील खोल व उष्ण कोळसा खाणींतील मजुरांचा अभ्यास करून के. नेव्हिल मॉस यांनी 1923 मध्ये असे मांडले, की भरपूर घाम गाळून वर नुसते पाणी पिणाऱ्यांना पेटके येतात आणि पाण्यात मीठ घातल्यास ते टळतात. अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या मजुरांवरील 1933 च्या अहवालातही हाच निष्कर्ष निघाला. घामात दर लिटरमागे साधारणपणे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम असते, त्यात व्यक्तीगणिक मोठा फरक पडतो, आणि उन्हातील कठोर श्रमांत तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो; त्यामुळे हे मत दीर्घकाळ निर्विवाद समजले गेले.

दुसरे मत चेता-स्नायू नियंत्रणातील बिघाडाचे असून ते दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेल्नस यांनी 1997 मध्ये सुसूत्रपणे मांडले. स्नायूची लांबी व ताण मेरुरज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातील चेतांच्या दोराला, कळवणारी दोन प्रकारची संवेदकेंद्रे असतात : स्नायूच्या आतील तर्कू हे आकुंचनास चालना देतात, तर कंडरांमधील (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमधील) गॉल्जी इंद्रिये आकुंचनास आवर घालतात. स्नायू थकला की तर्कूंचा संदेश वाढतो व गॉल्जी इंद्रियांचा आवर ढिला पडतो. स्नायू आखूड अवस्थेत काम करीत असल्यास कंडरेवरील ताण आधीच कमी असल्याने हा आवर जवळपास नाहीसाच होतो आणि स्नायूला आकुंचनाचा संदेश देणाऱ्या प्रेरक चेतापेशी थांबता थांबत नाहीत. या मताच्या बाजूचे पुरावे बळकट आहेत. पेटका ज्या स्नायूने काम केले त्यातच येतो, सर्वांगात नव्हे. ताण दिल्याबरोबर तो सुटतो, वास्तविक ताण देताना शरीरात ना पाणी जाते ना मीठ. आणि दीर्घ पल्ल्याचे धावपटू व ट्रायथलॉनपटू यांच्या तपासण्यांत पेटका आलेल्या व न आलेल्या स्पर्धकांच्या शुष्कतेत व रक्तातील क्षारांत वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण फरक आढळला नाही. नेहमीपेक्षा अधिक वेग व पूर्वी पेटके आल्याचा इतिहास याच गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या.

असे असले तरी पहिले मत सर्वस्वी बाद ठरवणे घाईचे होईल. ऑस्ट्रेलियात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात उष्णतेत शरीराचे सुमारे 2 टक्के वजन घटेपर्यंत धावलेल्या पुरुषांना साधे पाणी दिले असता पोटरीत पेटका आणणे अधिक सोपे झाले. जलसंजीवनीसारखे द्रावण दिले असता ते अधिक अवघड झाले. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो व कोरड्या हवेत घाम कातडीवर दिसण्याआधीच वाळतो. किती घाम गेला हे स्वारास कळते ते बनियनवर उमटलेल्या पांढऱ्या रेघांवरून. अशा हवेत थकवा हे मूळ कारण व क्षारनाश हे त्याला हातभार लावणारे कारण मानणे युक्त आहे. डिसेंबरच्या थंडीत पहाटे निघालेल्या स्वारासही घाटात पेटका येतो, त्याचे स्पष्टीकरण मात्र थकव्यानेच होते.

तातडीचा उपाय : पेडल मारणे थांबवून, शक्य तर सायकलवरून उतरून, आखडलेला स्नायू सावकाश ताणणे हा एकमेव खात्रीचा तातडीचा उपाय आहे. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढावा. मांडीच्या मागील पेटक्यासाठी टाच दगडावर किंवा दुभाजकावर टेकवून, गुडघा सरळ ठेवून पुढे वाकावे. मांडीच्या पुढील पेटक्यासाठी सायकलचा आधार घेऊन टाच पार्श्वभागाकडे ओढावी. गाठ पूर्ण सुटेपर्यंत ताण धरून ठेवावा. झटके देऊ नयेत व गाठीवर बुक्क्या मारू नयेत, कारण त्याने स्नायूतंतू फाटू शकतात. नंतरचा काही वेळ हलक्या गिअरवरच चालवावे, कारण एकदा पेटका आलेला स्नायू लगेच पुन्हा धरतो.

लोणच्याच्या खाराबद्दल स्वारांत नेहमी बोलले जाते. अमेरिकेत 2010 मध्ये झालेल्या एका प्रयोगात विजेच्या झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत पेटका आणून काकडीच्या लोणच्याचे पाणी पाजले असता पेटका साध्या पाण्याच्या तुलनेत सरासरी 49 सेकंद लवकर सुटला, आणि तोवर रक्तातील क्षारांत काहीच बदल झालेला नव्हता. घशातील चेतांना बसलेल्या आंबट झटक्याने मेरुरज्जूतील संदेश दबत असावेत, असा त्यावरून तर्क करतात. ते लोणचे शिरक्यातले होते. आपल्याकडील लिंबाच्या खारात मीठ व सायट्रिक आम्ल असते, म्हणून हा निष्कर्ष त्यास जसाच्या तसा लावता येत नाही. एक चमचा खार चाखण्यात अपाय नाही. अर्धापूरचे केळे उत्तम अन्न आहे, परंतु त्यातील पोटॅशियम रक्तात उतरण्यास बराच वेळ लागत असल्याने आलेला पेटका त्याने सुटत नाही.

प्रतिबंध : सीट फार उंच असल्यास स्वार चवडा खाली ताणून पेडल गाठतो व पोटरी सतत आखूड राहते. पेडल तळाशी असताना गुडघा सुमारे 25 ते 35 अंशांत वाकलेला असावा. चढावर जड गिअर रेटण्यापेक्षा मिनिटाला 80 च्या आसपास फेरे पडतील असा हलका गिअर घ्यावा. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ज्या अंतराची व चढाची परीक्षा द्यायची त्याचीच आधी हळूहळू वाढवत नेलेली सवय. दर रविवारी 40 किमी चालवणारा स्वार साडेतेरा तासांच्या मर्यादेत 200 किमी करण्यास निघाला, तर कोणतेही सरबत त्याला वाचवू शकत नाही. दोन तासांहून अधिक उन्हात जायचे असल्यास पाण्याबरोबर मीठही हवे : मीठ घातलेले ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, किंवा एक लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ व सहा सपाट चहाचे चमचे साखर. बोअरच्या जड पाण्यातील क्षार प्रामुख्याने कॅल्शियम व मॅग्नेशियमचे असल्याने ते घामातील सोडियमची भरपाई करीत नाही. तहान नसताना नुसते पाणी ढोसणे धोक्याचे आहे, कारण रक्तातील सोडियम घसरून भोवळ, उलटी व शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाऊ शकते.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा श्रमजन्य पेटक्यांवर उपयोग सिद्ध झालेला नाही. क्विनीन हे हिवतापावरील औषध पूर्वी पेटक्यांसाठी सर्रास दिले जाई. रक्तकणिका व हृदय यांवरील गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकी औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध इशारा दिला आहे. पेटक्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाल्यास, एकच पोटरी सुजून दुखत राहिल्यास, किंवा श्रम नसताना वारंवार पेटके येत असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मधुमेह, थायरॉइड व मूत्रपिंडाचे विकार, तसेच लघवी वाढवणारी व कोलेस्टेरॉल घटवणारी काही औषधे ही अशा पेटक्यांमागची कारणे असू शकतात.