घरातच स्टुडिओ करताना: ठाणे-नवी मुंबईत कोणती परवानगी, कोणती कागदपत्रं

फ्लॅटमध्ये राहायचंही आणि तिथेच चित्रं, संगीत, शिवण किंवा मातीकामही करायचं, असं ठरलं की बहुतेक जण सोसायटीला एकच अर्ज देतात: 'इंटिरियरचं काम करायचं आहे.' तो मंजूर होतो, काम होतं आणि पुढे शिकायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली की सोसायटीची नोटीस येते. इथे प्रश्न दोन आहेत. बांधकामात काय बदलणार, आणि त्या जागेचा वापर काय होणार. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते.

बांधकामातला बदल

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार, इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरती दुरुस्ती किंवा सुधारणा असेल आणि बाहेरचं रूप ठळकपणे बदलत नसेल, तर नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. वारसा इमारतींना ही सवलत नाही. रंग, फरशी, फर्निचर, सरकती पार्टिशनं यासाठी महापालिकेत जायची गरज पडत नाही. कॉलम, बीम किंवा स्लॅबला हात लावणं, बाल्कनी खोलीत घेणं, दर्शनी भिंतीत नवी खिडकी काढणं हे मात्र त्या सवलतीत बसवू नका. अशा कामासाठी परवानाधारक वास्तुविशारदामार्फत प्रस्ताव द्यावा लागतो: ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे, बेलापूर ते दिघा पट्ट्यात नवी मुंबई महापालिकेच्या नगररचना विभागाकडे. खारघर, कामोठे, कळंबोली ही उपनगरं पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात, हे लक्षात असू द्या.

म्हणूनच मी आग्रहाने सांगेन, घर लवचीक करायचं तर ते पूर्ववत करता येईल असंच करा. सरकता दरवाजा, घडीचा पलंग, चाकांवरची कपाटं. नळाच्या आणि सांडपाण्याच्या जागा हलवू नका. खालच्या घरात गळती झाली की सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. जुन्या इमारतीत तर आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागून वाचा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं.

वापरातला बदल

सदनिका ज्या कारणासाठी दिली, त्याच कारणासाठी वापरायची. वापर बदलायचा तर सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी आणि सक्षम प्राधिकरणाची मंजुरी हवी, असं आदर्श उपविधी सांगतात. दुसरीकडे, ठाणे आणि नवी मुंबईला लागू असलेली 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली निवासी भागात घरच्याच माणसांनी, पगारी कामगार न ठेवता करायच्या घरगुती व्यवसायाला जागा देते. घरी बसून चित्रं काढणारी, शिवणारी किंवा व्हिडिओ संपादन करणारी व्यक्ती सहसा या चौकटीत बसते. रोज दोन बॅच भरणारा नृत्यवर्ग किंवा तासावर भाड्याने दिलेला रेकॉर्डिंग स्टुडिओ तिथे बसवणं कठीण. तसा बेत असेल तर काम सुरू करण्याआधीच वापर बदलाचा प्रस्ताव करा. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) भाडेपट्ट्यावर असेल, तर करारातली वापराची अट वाचा. वापर बदलायचा तर सिडकोचा ना हरकत दाखलाही लागतो. मंजूर वापर अनिवासी झाला की मालमत्ता कराचा दरही वाढतो.

लघुउद्योगांसाठीची केंद्र सरकारची उद्यम नोंदणी मोफत होते आणि आधार-पॅनवर मिळते, पण ते प्रमाणपत्र म्हणजे वापराची परवानगी नव्हे. दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदीचंही तसंच.

अर्ज कोणी करायचा, सोबत काय

अर्ज सदनिकेच्या मालकाने, म्हणजे सोसायटीच्या सभासदाने करायचा. भाडेकरू असाल तर मालकाच्या सहीने अर्ज जाऊ द्या आणि भाडेकरारात घरातून काम करण्याचा उल्लेख असू द्या. अर्जाला शेअर सर्टिफिकेटची प्रत, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, मंजूर नकाशा आणि त्यावर प्रस्तावित बदल दाखवणारा आराखडा जोडा. एखादी भिंत काढायची असेल तर ती भार पेलणारी नसल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवंच. कंत्राटदाराचं नाव, कामगारांची ओळखपत्रं, कामाचे तास, डेब्रिज कुठे जाणार आणि नुकसान झाल्यास भरून देण्याचं हमीपत्र हेही द्या. सोसायटी अनामत मागत असेल तर पावती घ्या आणि परतीच्या अटी लिहून घ्या. समितीने नकार दिला तर लेखी कारण मागा. पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागायची झाल्यास तेच पत्र उपयोगी पडतं.

वापराबद्दल अर्जात स्पष्ट लिहा: काय काम, किती वाजेपर्यंत, किती माणसं येतील. संगीत असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. आवाज अडवण्यासाठी भिंतीला साधा फोम चिकटवू नका, तो भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. रॉकवूल, म्हणजे सहज न पेटणारी खनिज लोकर, वापरा.

वीज

मातीकामाची विद्युत भट्टी किंवा जादा एसी बसवायचा असेल तर मंजूर भार (घराला मंजूर असलेली विजेची कमाल मागणी) आधी बिलावर पाहा. भार वाढवायला महावितरणकडे अर्ज करायचा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायचा. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यालाही महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दर मिळू शकतो. त्यासाठी वापर महिन्याला 300 युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असावा लागतो. रोज पेटणारी भट्टी ही मर्यादा सहज ओलांडते, तेव्हा तिच्यासाठी वेगळ्या मीटरचा विचार सुरुवातीलाच करा.