द्राक्षाला थंडी लागते, पण डोंगर कशाला लागतो?

दर हिवाळ्यात पुण्यात एक बातमी हमखास येते, पुणे महाबळेश्वरपेक्षा गार. आणि ऑफिसात कोणीतरी म्हणतंच, मग कशाला पेट्रोल जाळून वर जायचं. मला त्या बातमीची खरी किंमत कळली ती फेब्रुवारीत नाशिकजवळच्या एका बागेत, सकाळी पावणेसातला, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबून कुडकुडत उभा असताना.

वायनरी बघायची हौस मेव्हण्याची. त्याने कुठेतरी आल्प्सच्या उतारांवरच्या द्राक्षबागांचे व्हिडिओ बघितलेले, त्यामुळे पुणे-नाशिक हायवेला लागल्यापासून त्याचं एकच चालू, दाजी, आपल्याकडे एवढा मोठा सह्याद्री पडलाय, मग बागा वर डोंगरावर का नाहीत, सगळ्या खाली माळावरच का? नारायणगावला मिसळ खाईपर्यंत मी हो हो करत वेळ मारून नेली, पण प्रश्न चांगला होता, डोक्यातून जाईना.

आधी उंचीचं गणित बघू. एक किलोमीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा डिग्रीने गार होते, त्यामुळे गरम देशातले वाईनवाले उंची शोधत फिरतात. अर्जेंटिनात साल्ता भागात कोलोमे वायनरीची एक बाग तर ३,१११ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. पण तिथला डोंगर कोरडा. आपला सह्याद्री म्हणजे पावसाची भिंत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून पुण्यात आलात की सातशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, पूर्वेकडे खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते. आणि द्राक्षाला ओल अजिबात सोसत नाही, पान जरा जास्त वेळ ओलं राहिलं की डाऊनी नावाचा बुरशीसारखा रोग आलाच. म्हणून आपल्याकडे द्राक्ष डोंगराच्या अंगावर नाही तर डोंगराच्या आडोशाला वाढतं. जुन्नर, नारायणगाव, दिंडोरी, निफाड, बारामती, अकलूज, सगळी नावं बघा, सगळी भिंतीच्या अलीकडची.

बरं मग थंडीचं काय, ती तर वरच राहिली? इथेच ती बातमी कामाला येते. हिवाळ्यात आपल्या पठारावर आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, अंगावर गोधडी नसल्यासारखी. जमिनीलगतची हवा गार झाली की जड होते आणि घरंगळत खोलगट भागात जाऊन साठते. महाबळेश्वर १,३५० मीटरवर असूनही माथ्यावर ही गार हवा थांबत नाही, खाली निसटते. म्हणून ५६० मीटरवरचं पुणे पहाटे जास्त गार, आणि निफाडला तर कित्येकदा राज्यातली सगळ्यात कडक थंडी. दुपारी मात्र तिथेच तीस डिग्री. दिवस-रात्रीतला हा फरक, वाईनचा जीव त्यातच अडकलाय म्हणा ना.

बागेत आम्हाला फिरवणाऱ्या दादांनी एक घड तोडून हातात दिला. वाईनचं द्राक्ष बघून आपला जरा विरसच होतो, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, खायच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षासारखं मूठभर तोंडात टाकायची सोय नाही. पण चव काय होती, आधी गोड आणि मागून जिभेच्या कडेला झणझणीत आंबट. ही आंबट मुख्यतः दोन आम्लांची, टार्टरिक आणि मॅलिक. टार्टरिक त्यातल्या त्यात चिवट, पण मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असतं, ते वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकतो आणि जितकं गरम तितकं भराभर जाळतो. गार रात्री ही जळण मंदावते. दिवसा उन्हात साखर बनते, रात्री आंबटपणा शाबूत राहतो. रात्रीही उकाडा असला तर द्राक्ष नुसतं गोड होतं आणि वाईन चपटी लागते, लिंबू न पिळलेल्या सरबतासारखी.

दादांनी मग खिशातून पेनएवढी दुर्बीण काढली, रिफ्रॅक्टोमीटर. एक मणी चिरडून काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरून मला बघायला दिलं. आत निळ्या-पांढऱ्या रंगाची सीमारेषा बावीसच्या जरा वर. रसात साखर जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढंच तंत्र. बावीस-तेवीस ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढी ग्रॅम साखर, आणि यीस्टने ती सगळी खाल्ली की अल्कोहोल साडेबारा-तेरा टक्क्यांच्या आसपास. तोडणीवाल्या बायका तोवर निम्मी रांग उरकून पुढे गेलेल्या, कारण ऊन चढायच्या आत क्रेट आत गेले पाहिजेत, गरम द्राक्ष रस्त्यातच आंबायला लागतं.

आता खरी गंमत. फ्रान्स-इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो, सप्टेंबरच्या सुमारास माल येतो, म्हणजे द्राक्ष पिकत जातं तशी हवा गार होत जाते. आपल्याकडे उलटं. वेलाला झोपच नाही, कारण बर्फ पडेल अशी थंडी नाही. मग झोपवायचं आणि उठवायचं काम कात्री करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, वेल जवळजवळ बोडका करतात, नवीन काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या भरपूर उजेडात त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पुढच्या घडाची सूक्ष्म सुरुवात होते. पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, मग डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावायचं, शेतकरी त्याला पेस्टिंग म्हणतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. माल जानेवारी ते मार्च. पण मार्च जवळ आला की हवा गार नाही, तापत जाते! म्हणून छाटणी लवकर केली तर माल थंडीत पिकेल पण परतीच्या पावसाने कोवळी फूट मार खाईल, आणि उशिरा केली तर पाऊस चुकला पण आंबटपणा उन्हात जळाला. दर वर्षी हा जुगार. हे असले प्रश्न सोडवायला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्या मांजरीलाच आहे, हडपसरच्या लोकांनाही पत्ता नसतो.

कुठे कुठे जावं तर, इतिहासाच्या दृष्टीने नारायणगाव पहिलं, १९८०च्या दशकात शातो इंडाजने तिथून ओमर खय्याम नावाची बुडबुड्यांची वाईन परदेशात पाठवली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला, राजीव सामंत अमेरिकेतून परत येऊन १९९०च्या दशकात तिथे उतरले तेव्हा आजूबाजूला खायच्या द्राक्षांचंच राज्य होतं. शेजारीच यॉर्क, संध्याकाळी धरणाचं पाणी दिसतं. गर्दी नको असेल तर इगतपुरीच्या बाजूला वलोने, लहान आहे आणि निवांत बोलतात. दिंडोरीला शांदों, तिथे बुडबुड्यांचं शास्त्र बघा, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, आत पाच-सहा वातावरणांचा दाब, कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त, म्हणून ती बाटली एवढी जड. पुण्याहून एका दिवसात उरकायचं तर दौंड तालुक्यात रोटी गावचं फोर सीझन्स, आणि जरा लांब अकलूजला फ्राटेली, तिथे इटलीची सांजोवेसे ही द्राक्षाची जात माळरानावर लावलीय. टेस्टिंग रूममध्ये थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते शोभेला नाही, गाडी चालवणाऱ्याने बिनधास्त वापरावं, मी वापरलं, मेव्हणा हसला.

आणि एकदा एप्रिलात जा. चाखायला गर्दी नाही, ऊन मी म्हणतंय, आणि खरड छाटणी चालू असते. आम्ही परत जाऊन आलो. त्याच दादांनी कात्री हातात दिली, म्हटलं हा एक डोळा सोडून वर कापा. मी अगदी जपून, तिरका काप घेतला. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आणि माझ्या कापाच्या बोटभर खाली परत कापलं.