हर्णैचे संकासुर

शिमगा आटोपला होता, पालख्या देवळात परतल्या होत्या. हर्णै बंदरावर सकाळचा लिलाव रंगात आला होता आणि मी नि माझा शाळेतला दोस्त सुवर्णदुर्गाकडे तोंड करून वाळूत बसलो होतो. टोपलीतून चार मांदेली सांडली की कुरवांचा थवा वरून कोसळायचा. पर्यटक त्यांना सरसकट सीगल म्हणतात. दोस्ताने दुर्बीण लावली आणि म्हणाला, "अरे, शिमगा संपला तरी हे संकासुर कुठनं आले?" (संकासुर म्हणजे कोकणातल्या शिमग्यातलं काळ्या मुखवट्याचं सोंग.)

डिसेंबरात ह्याच पक्ष्यांची डोकी पांढरी होती, कानामागे काळपट ठिपका तेवढा. आता कुणाचं डोकं पुरतं कॉफीच्या रंगाचं, कुणाचं अर्धंमुर्धं, चोचीच्या मुळाशी अजून पांढरं. हा तपकिरी डोक्याचा कुरव. त्याचा भाऊबंद काळ्या डोक्याचा कुरव. त्याचाही मुखवटा खरं तर गडद तपकिरीच, नाव मात्र काळं! डोळ्यांवरून ओळखा: तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा फिकट, दुसऱ्याचा गडद.

हा रंग वरून चढत नाही. डोक्यावरची पांढरी पिसं गळून त्या जागी नवी, गडद पिसं येतात. पंखांतली उडायची मोठी पिसं मात्र ह्या वेळी बदलत नाहीत, ती विणीनंतर. लडाख-तिबेटातल्या, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्यांपर्यंत जायचंय, तेव्हा पंख शाबूत हवेत.

तारीख कळते कशी? पक्ष्याच्या अंगात वर्षाचं एक घड्याळ असतं आणि दिवसाच्या लांबीवरून ते लावलं जातं. कोकणात डिसेंबरातला दिवस अकरा तासांचा, मार्चअखेर बाराचा. फरक जेमतेम तासाभराचा. हा उजेड पक्षी नुसत्या डोळ्यांनी मोजत नाहीत. कवटीतून झिरपणारा प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्यांच्या मेंदूतच असतात.

मुखवटा कशाला, ह्याचं उत्तर निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांकडे तासन्‌तास बघून शोधलं. (प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी त्यांना 1973 साली नोबेल मिळालं.) समोरच्यावर रोखलेला गडद चेहरा म्हणजे धमकी: माझ्या हद्दीत येऊ नकोस. मग जोडी जमायची कशी? नर-मादी शेजारी उभे राहतात आणि झटक्यात एकमेकांपासून तोंड फिरवतात. आपल्याकडे तोंड फिरवलं की रुसवा. त्यांच्यात तीच सलगी.

दोस्ताला हे भलतंच आवडलं. "घरी करून बघतो," म्हणाला, आणि कोळणीशी मांदेलीचा भाव करायला उठला.

होडीच्या काठावर एक कुरव राहिला होता. पंखावर तपकिरी ठिगळं, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. म्हणजे गेल्या वर्षीचं पिल्लू. अशी पोरं कधीकधी उन्हाळाभर किनाऱ्यावरच राहतात. दोस्त पिशवी घेऊन आला तेव्हा ते एक मांदेली शेपटीकडून गिळायचा खटाटोप करत होतं. ती तीनदा खाली पडली.