घ्यायचा कसा हे सोपे, सोडायचा कसा? हिमोग्लोबिनच्या शोधाची पार्श्वभूमी

1938 साली प्रागमध्ये रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स हॉरोविट्झ सूक्ष्मदर्शकाखाली घोड्याच्या हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहत होते. नमुना बरेच दिवस थंडाव्यात पडून होता आणि त्यातला ऑक्सिजन जिवाणूंनी केव्हाच संपवला होता. दिसत होत्या जांभळट षटकोनी चकत्या. काचेच्या कडेने हवा आत झिरपू लागली, तशा त्या चकत्या नाहीशा होऊन जागोजागी लालभडक सुया उगवल्या. ऑक्सिजन चिकटला की रेणूची ठेवणच बदलते, याचा इतका उघड पुरावा तोवर कुणी पाहिला नव्हता.

‘हिमोग्लोबिन’ हे नाव तेव्हा जुनेच होते. 1864 मध्ये होप-झायलर यांनी ते दिले. त्याच वर्षी स्टोक्स यांनी दाखवले की रक्तातल्या या रंगद्रव्यातून ऑक्सिजन काढून घेता येतो, परत देता येतो, आणि दर वेळी रंग पालटतो. पण वाद रंगला तो फुप्फुसांवरून. कोपनहेगनचे ख्रिश्चन बोर (नील्स बोर यांचे वडील) म्हणत, फुप्फुसे ग्रंथीसारखी ऑक्सिजन रक्तात ढकलतात. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोघ आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी 1910 मध्ये मोजमापे करून गुरूंना खोडून काढले: फुप्फुसातल्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब जास्त, रक्तात कमी, म्हणून वायू विसरणाने आपोआप जातो. फुप्फुस स्वतः काहीच करत नाही म्हणा ना.

मग सगळी करामत रक्तातच असणार. 100 मिलिलिटर रक्ताच्या नुसत्या पाण्यात जेमतेम 0.3 मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. हिमोग्लोबिनमुळे तो 20 च्या आसपास जातो. पण माझ्या मते खरा प्रश्न साठवणीचा नाहीच. घट्ट पकडणारा रेणू सापडणे अवघड नसते. स्नायूतला मायोग्लोबिन तसाच आहे. जो फुप्फुसात हावरटासारखा घेतो आणि पेशींपाशी मुकाट्याने सोडतो, असा रेणू हवा. बोर यांनी इथे मात्र बाजी मारली होती. ऑक्सिजनचा दाब वाढत गेला की हिमोग्लोबिन किती भरते, याचा त्यांनी काढलेला आलेख सरळ चढत नव्हता, इंग्रजी एस अक्षरासारखा वळत होता. शिवाय 1904 मध्ये हॅसलबाख आणि क्रोघ यांच्यासोबत त्यांनी दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची पकड सैलावते. म्हणजे जिथे पेशी राबतायत, नेमके तिथेच ओझे उतरते.

आलेखाला असे वळण का, याचा पहिला धागा 1925 मध्ये गिल्बर्ट अडेर यांनी दिला: एका रेणूत लोहाचे अणू एक नाही, चार असतात. एकाने ऑक्सिजन धरला की उरलेल्यांना धरणे सोपे जाते. पण निरोप पोचतो कसा?

त्यासाठी रेणू बघावा लागणार होता. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये 1937 मध्ये क्ष-किरणांनी स्फटिक तपासायला घेतले आणि पुढची सोळा वर्षे त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. 1953 मध्ये त्यांनी रेणूला पाऱ्याचे अणू जोडले, क्ष-किरणांनी फिल्मवर उमटवलेल्या ठिपक्यांच्या तीव्रतेत पडलेला फरक मोजला, आणि कोडे सुटू लागले. त्यांचे सहकारी केंड्रू यांचा मायोग्लोबिन आधी उलगडला, 1959 मध्ये हिमोग्लोबिनची चार साखळ्यांची गुंफण दिसली, आणि 1962 चे नोबेल दोघांना मिळून गेले.

यंत्रणा मात्र 1970 मध्ये पेरुट्झ यांनी मांडली. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू हीमच्या, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या चपट्या रचनेच्या, चकतीबाहेर किंचित डोकावतो. ऑक्सिजन बसला की तो आत सरकतो, मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. पण त्याला बांधलेली प्रथिनाची साखळी सोबत ओढली जाते आणि रेणूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर सुमारे 15 अंशांनी फिरतो. प्रागच्या त्या चकत्या मोडल्या त्या याच हालचालीने.

दोन्ही अर्ध्यांमध्ये एक पोकळी असते. रेणू ऑक्सिजनविना असतो तेव्हाच तिच्यात तांबड्या पेशीतला एक छोटा फॉस्फेटयुक्त रेणू नेमका बसतो आणि पकड सैल ठेवतो. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये तो नीट बसत नाही. म्हणून वारेपाशी आईच्या रक्ताने सोडलेला ऑक्सिजन बाळाचे रक्त ओढून घेते.